फाटकाजवळच्या कळ्या आणि फलकावरचा फोटो

प्रति,
मा. व्यवस्थापक,
निवासी व्यवस्थापन कार्यालय,
छिंगयुआन वसाहत, दातोंग.

विषय : ‘फुलचोर’ या फोटोखालील मजकूर बदलण्याबाबत व इमारतीमागच्या सावलीतील डे-लिलीचे गड्डे उन्हात हलवू देण्याबाबत.

संदर्भ : फाटकाजवळील फलकावरची आपली सूचना, ‘ओळख पटल्यास कळवावे’.

महोदय,

१. सविनय कळवतो की, सदर फोटोत डोक्याला बॅटरी बांधून वाफ्यात वाकलेली व्यक्ती माझी आई श्रीमती फान युएलान आहे. सूचना लागून आठवडा उलटला. इतके दिवस मी गप्प का बसलो, ते परिच्छेद ४ मध्ये लिहिले आहे. तिथवर पोचायला मला थोडा धीर गोळा करावा लागेल.

२. मूळ चूक माझी. गेल्या वर्षी आईला गावाहून माझ्या तळमजल्यावरच्या घरी आणले, तेव्हा तिने शेतातले डे-लिलीचे गड्डे पोत्यात भरून सोबत घेतले. हे आईचे फूल, ते तिच्या खोलीच्या उत्तरेला लावावे, हा आपल्याकडचा रिवाज आपण जाणताच. मी रिवाज पाळला. आई म्हणाली, “अरे, बैठ्या घरामागे ठीक आहे. इथे अठरा मजल्यांची सावली. पानं माजतील नुसती, कळी धरायची नाही.” मी तिला गप्प केले. यंदा पाने गुडघ्याला लागली, कळी एक नाही.

३. आईचा जन्म कळ्या खुडण्यात गेला. आमच्याकडे डे-लिलीची कळी भाजीसाठी मिटलेली असतानाच, दिवस उगवायच्या आत खुडतात आणि वाफवून वाळवतात. उमललेले फूल म्हणजे हातचा गेलेला माल. घरामागे खुडायला काही नाही, आणि फाटकाजवळच्या उन्हातल्या आपल्या डे-लिलीच्या वाफ्यात कळ्या टम्म फुगलेल्या. तिला राहवले नाही. “एवढं पीक उभं आहे आणि सगळे मेले झोपलेत,” असे तिचे म्हणणे. ती जात शोभेची, खायची नव्हे, हे तिला कळते. म्हणून खुडलेल्या कळ्या ती वाफ्याच्या कडेला नीट रचून ठेवते. घरी एकही आणलेली नाही. तथापि आपला वाफा यंदा फुलला नाही आणि मातृगौरव समारंभात समस्त मातांना नुसत्या पानांसमोर उभे राहून फोटो काढावा लागला, हे मला मान्य आहे.

४. सूचना लागली त्या सकाळी सातव्या मजल्यावरच्या मियाओ बाई फलकासमोर मला म्हणाल्या, “कुणाच्या घरची म्हातारी आहे कोण जाणे. घरच्यांना तरी लाज हवी.” मी हसलो. वर म्हणालो, “गावाकडची दिसते.” महोदय, हे मी माझ्या आईबद्दल बोललो. लिहितानाही मान वर होत नाही.

५. आईला वाचता येत नाही. तिने फोटो पाहून मला हाताला धरून तिथे नेले. “ही मीच की रे. काय लिहिलंय खाली?” मी सांगितले, “तू चांगलं काम करतेस, असं लिहिलंय.” तेव्हापासून ती रोज फलकाची काच बाहीने पुसते आणि पूर्वीपेक्षा जोमाने खुडते.

६. येत्या रविवारी माझी मावशी केवळ तो फोटो बघायला गावाहून येत आहे. आईने तिला फोन करून बोलावले. मावशीला वाचता येते.

सबब विनंती की, फोटो काढू नये; मजकूर तेवढा रविवारपूर्वी बदलावा. गड्डे फाटकाच्या उन्हात हलवू द्यावेत, म्हणजे आई स्वतःच्या कळ्या खुडेल आणि आपल्या फुलतील. नवा मजकूर काय असावा ते आपण ठरवावे. फक्त ‘तळमजल्यावरचे बसचालक होउ जिन्शू यांची आई’ एवढे त्यात ठळक अक्षरांत असावे, म्हणजे मियाओ बाईंनाही वाचता येईल.

आपला ओशाळलेला रहिवासी,
(सही)
होउ जिन्शू
दि. १७ जुलै

सोबत : सावलीतल्या गड्ड्याचे पान, नग एक.