ज्याला उद्धार नाही

१६ जुलै १९८९, रविवार. डोंबिवली.
आमची नऊ वर्षांची नात मुक्ता चित्रकथा रचते आहे. नायिका विद्युत्कन्या, पाठीवर झगा, वस्ती आमच्याच इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर. शत्रूसाठी भारदस्त संस्कृत नाव हवे होते. 'कालदंष्ट्र' सुचविले, पसंत पडले. पुढे मी असेही सुचविले की, अखेरीस विद्युत्कन्येच्या हातून मरण येताच त्याच्या देहातून ज्योत निघावी आणि ती तिच्यात विलीन व्हावी. देवाच्या हातून मरणाऱ्या असुराचा उद्धार होतो, हा आपल्याकडचा सिद्धांत.
"आजोबा, उद्धार झाला तर पुढच्या अंकात कोण येणार?"
तिच्या शास्त्राप्रमाणे मुख्य शत्रू कड्यावरून पडतो, देह सापडत नाही, तो पुन्हा येतो. सुधारत कधीच नाही. का नाही, ते तिलाही सांगता आले नाही. सौ. हसली; बऱ्याच दिवसांनी.

१९ जुलै, बुधवार.
ठाण्याच्या न्यायालयाचा कागद आला. क. मुक्ताचा ताबा मागतो आहे.
चार वर्षे मी त्याचे नाव लिहिलेले नाही. कल्याणचा, म्हणून क. एके काळचे जामात. आमची मुलगी शैला भाजली तेव्हा तिने पोलिसांना 'स्टोव्ह भडकला' असा जबाब दिला, आणि ते गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "आप्पा, आधी मुक्ताला तिथून आणा." मुक्ता क. च्या घरात होती, म्हणून तो जबाब. आम्ही मुक्ताला आणले, त्याच संध्याकाळी शैला गेली. जबाब कागदावर राहिला.

२२ जुलै, शनिवार.
वकील म्हात्रे यांच्याकडे. कल्याणच्या खाडीकाठचे, वाडवडील मिठागरात राबलेले; बोलणे रोखठोक. म्हणाले, चार वर्षे बाप फिरकला नाही, पोर तुमच्याकडे वाढली, बाजू आपली भक्कम आहे. मी विचारले, मग त्याला आताच मुलगी कशाला हवी? त्यावर म्हात्रे म्हणाले, "दुसरं लग्न ठरतंय त्याचं. मुलीकडचे विचारतात, पहिलीची पोर आजोळी का? पोर घरात दिसली की लोकांची तोंडं बंद. एवढंच आहे, गुरुजी."
म्हणजे मुक्ता ही कन्या नव्हे. त्याच्या निर्दोषत्वाचा दाखला.

६ ऑगस्ट, रविवार.
राममंदिरात श्रावणातील प्रवचनांस प्रारंभ. विषय वैरभक्ती. भक्त प्रेमाने चिंतन करतो, असुर द्वेषाने. परंतु असुराचे चिंतन अधिक अखंड असते. जेवताना, निजताना, श्वासागणिक त्याच्यापुढे देवच. म्हणून तोही तरतो. चाळीस वर्षे हे सांगत आलो. श्रोते माना डोलावतात. आजही डोलावल्या.
घरी आल्यावर मुक्ताने नवे पान दाखविले. कालदंष्ट्र दारापुढे गुडघे टेकून रडतो आहे. मला आनंद झाला. म्हटले, अनुताप झाला वाटते.
"नाही हो. तो रडतो, मग लोक दार उघडतात."
रंगाची पेटी मागून ती खेळायला गेली.

१३ ऑगस्ट, रविवार.
क. श्रोत्यांत होता. तिसऱ्या रांगेत, खांबाशी. पांढरा सदरा, कपाळी गंध. असुराच्या अंतकाळाचे निरूपण चालले असता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी पुढचा श्लोक घेतला.
सौ. ने घरी पोचताच देवघराची खिडकी लावून घेतली. वारा नव्हता.

२० ऑगस्ट, रविवार.
आठवडाभर क. रोज येतो आहे. चपला रचतो, सतरंज्या उचलतो. कार्यवाह सहस्रबुद्धे इथे नवे. त्यांना आमचा पूर्वेतिहास ठाऊक नाही. ते म्हणाले, असा श्रोता मिळणे भाग्याचे.
मनात येते, खरेच पालटला असेल तर? चाळीस वर्षे जे सांगितले ते एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, अशी इच्छा माझ्या ठायी आहे. ही इच्छा निर्मळ नाही, हे कळते. तरी आहे.
सौ. शी बोललो. भाकरी थापता थापता, वर न पाहता म्हणाली, "तुमचा असुर जाईल हो वैकुंठाला. माझी पोर कुठे गेली, तेवढं सांगा."

२७ ऑगस्ट, रविवार.
समाप्ती. आजच्या प्रसादाचे यजमान कोण, हे मी विचारले नाही. कधीच विचारत नाही. क. होता.
माझ्या गुरूंचा दंडक असा: व्यासपीठावर असेतोवर वक्त्याला नातेगोते नाही, वैर नाही. नमस्कार आसनाला असतो, वक्त्याला नव्हे. जो वाकेल त्याच्या मस्तकी हात, ओंजळीत नारळ. कोणासही वगळायचे नाही. वगळले तर आसन विटाळले. हा दंडक मी एकदाही मोडलेला नाही.
यजमान म्हणून तो सर्वांआधी आला. साष्टांग घातला. उठताना हलकेच म्हणाला, "आता सगळं मिटलं ना, आप्पा?"
मोतीबिंदूने दृष्टी थोडी मंद आहे, पण त्याला मी पूर्ण ओळखले होते. हात मस्तकी ठेवला. नारळ दिला. "शुभं भवतु." ध्वनिक्षेपक चालूच होता, सभेने ऐकले. त्याच वेळी डावीकडून प्रकाश चमकला. छायाचित्र. मी मान वळवली तेव्हा दिसले, क. चे तोंड माझ्या पायांकडे नव्हते. तो त्या यंत्राकडे पाहत होता.
सौ. प्रसाद न घेता सभेतून उठून गेली.

२८ ऑगस्ट, सोमवार.
अबोला. ताट वाढलेले असते.
संध्याकाळी मी दंडकाची सबब सांगू लागलो. ती म्हणाली, "आसनावर तुम्ही होतात. मी नव्हते. मला विचारायचं होतंत." आणि वाती वळत बसली.

१५ सप्टेंबर, शुक्रवार. ठाणे.
छायाचित्र न्यायालयात दाखल झाले. सोबत सहस्रबुद्ध्यांचे सरळ मनाने दिलेले प्रतिज्ञापत्र: गुरुजींनी भर सभेत जावयांना आशीर्वाद दिला. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, मृत शैलाच्या पित्याच्याच मनात संशय नाही, तर इतरांनी तो का बाळगावा? आणि संशय नसेल तर मुलगी बापापासून दूर का?
म्हात्रे संतापले होते. "गुरुजी, तुम्ही मला बुडवलंत. विरुद्ध पार्टीला नारळ देऊन कोण केस लढतं?" मग शांत झाले, चहा मागवला. माझ्या डोळ्यांकडे पाहून म्हणाले, "मोतीबिंदू आहे ना? मग झालं. पिंजऱ्यात एवढंच बोलायचं, कोण वाकला ते दिसलं नाही. संपला विषय."
असत्य नव्हे, अर्धसत्य, असेही ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की अर्धसत्याची फळे आमच्या पोथ्यांत सविस्तर दिली आहेत. ते म्हणाले, "त्या पोथीत नऊ वर्षांची पोर होती काय?"
चहा प्यायला गेला नाही.

२४ सप्टेंबर, रविवार. अविधवा नवमी.
सवाष्ण गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध. अधिकार पतीचा. दर वर्षी या दिवशी मी बाहेर पडत नाही. आज क. चा निरोप आला: 'यंदा विधी यथासांग करीत आहे, उभयतांनी भोजनास यावे, मुलीसही आणावे.' शैलाचा पिंड त्या हातांनी. आणि तिथेही कोणी छायाचित्र काढीत असेल.
दिवसभर एकच विचार. असुर आणि हा, यांत भेद कोणता? क्रौर्य म्हणावे, तर असुरांनी याहून घोर क्रौर्ये केली. अहंकार म्हणावे, तर तो त्यांच्यात पर्वताएवढा. पण असुर म्हणतो, 'होय, मी केले, पुन्हा करीन.' त्याचे पाप त्याच्या नावावर असते. त्याची दृष्टी देवावरून ढळत नाही. म्हणून देवाला त्याच्यापर्यंत पोचायला वाट असते. क. ची दृष्टी पाहणाऱ्यांवर आहे. अश्रू, गंध, साष्टांग, श्राद्ध, पोटची मुलगी, सर्व काही पाहणाऱ्यांसाठी. ज्या दारातून उद्धार आत यावा तेच दार त्याने बाहेर जाण्यासाठी वापरले. अनुतापाचेच हत्यार केले, तर मग त्याला तारणारे काय उरले?
हे लिहिले खरे. परंतु ज्याला मी उद्धारापलीकडचा म्हणतो, तो केवळ मला असह्य आहे, इतकेच नसेल ना? पोथी मिटली. उत्तर पोथीत नाही, की मला वाचता येत नाही?

४ ऑक्टोबर, बुधवार.
उद्या साक्ष. सौ. आज आपण होऊन बोलली. उद्या काय सांगणार, विचारले. ठाऊक नाही, म्हणालो. "खोटं बोललात तर मी तुम्हाला कमी लेखणार नाही," म्हणाली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात असे वाक्य तिने कधी उच्चारले नव्हते.

५ ऑक्टोबर, गुरुवार. ठाणे.
साक्ष झाली.
प्रतिपक्षाच्या वकिलांनी छायाचित्र पुढे धरले. हे तुम्हीच ना? होय. वाकलेले गृहस्थ ओळखलेत? म्हात्रे खाली पाहत होते. मी सांगितले, ओळखले. तेव्हाही ओळखले होते. आशीर्वाद मनापासून दिलात? होय, त्या आसनावरून दुसऱ्या तऱ्हेने देता येत नाही. वकील समाधानाने बसू लागले, तोच न्यायाधीशांनी स्वतः विचारले, "म्हणजे हे गृहस्थ निर्दोष आहेत असं आपल्याला वाटत होतं?"
मी म्हणालो, "नाही. निर्दोषाला काय द्यायचा? माझ्या मुलीला ज्याने जाळले, त्याला दिला."
गलबला झाला. पुराव्यावाचूनचे विधान, नोंदीतून वगळावे, अशी हरकत आली. वगळले की नाही, मला कळले नाही. क. उठून उभा राहिला, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि रडू लागला. मागील बाकावरील एक अनोळखी बाई पदराने डोळे पुसू लागली. त्याच्यासाठी.
बाहेर म्हात्रे म्हणाले, काय केलंत ते निकालातच कळेल. पोर वाचली असेल नाहीतर घालवलीत. सौ. ने माझा हात धरून जिना उतरविला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार.
न्यायाधीशांनी मुक्ताला दालनात एकटीला बोलाविले. दार लावले. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा चेहरा कोरा. काय विचारले, हे विचारू नये अशी म्हात्र्यांची ताकीद होती. तिनेच सांगितले: "मला कुठे झोप लागते ते विचारलं. आणि आईचं काय आठवतं ते." मग पाणी मागितले, दोन पेले प्यायली.
निर्णय दिवाळीनंतर.
घरी पोचलो तो दिवेलागण झालेली. देवापुढे बसलो. संध्येनंतर रोज प्राणिमात्रांचे कुशल मागतो; कोणासही न वगळता मागायचे असते. आज 'सर्व' या शब्दापाशी जीभ थांबली. शैलाच्या मरणाच्या दिवशीही थांबली नव्हती. एक मनुष्य वगळून मागावे, तर ती प्रार्थना नव्हे. न वगळता मागावे, तर त्याचे कुशल म्हणजे मुक्ता त्याच्या घरी.
सौ. ने दारातून विचारले, "झाली का हो संध्या?"
अजून नाही, म्हणालो.