साहेबांसाठी भरलेला आड

माय, आज कुणावर तरी ओरडावं वाटून राहिलंय, अन् ऐकून घेईल असं गावात कुणी नाही, म्हणून तुला लिहितो. चाकूरजवळचं आपलं गाव आता उस्मानाबादेत नाही, लातूर जिल्ह्यात आलं. जिल्हा नवा, साहेब नवे, दुष्काळ तेवढा तू जिवंत होतीस तेव्हाचाच. फक्त तेव्हा माणसांना अक्कल होती.

तू दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचीस. एकदा कामावर तहसीलदार येणार म्हणून मुकादमानं बायांना धड, बिनठिगळाची लुगडी नेसून यायला सांगितलं होतं. तुझं ठिगळाचं लुगडं बघून मला लाज वाटली, पेटीतलं हिरवं नेस म्हणून मी तुझा पदर धरून बसलो. तू चुलीपुढून उठतेस, भाकरीची रिकामी टोपली माझ्या हातात देतेस अन् म्हणतेस, "मागायला जाताना टोपली झाकून न्यायची नसते, बाळा." अन् ठिगळाचंच नेसून गेलीस. ही अक्कल शिकायला कॉलेज लागत नाही, अन् कॉलेजात ती मिळतही नाही. नांदेडला दीड वर्ष काढून, सरांशी भांडून परत आलो ते एवढंच शिकून.

मागल्या पंधरवड्यात नवे साहेब पाणीटंचाई बघायला यायचे होते. आपला आड कोरडा पडलाय. टँकर येतो, आडात पाणी ओततो, बाया शेंदून घेतात. साहेबांना कोरडा आड दाखवायचा अन् टँकर वाढवून मागायचा, इतकं सरळ होतं. पण चावडीवर बैठक बसली अन् सरपंच म्हणाले, साहेब पहिल्यांदाच गावात येऊन राहिले, इज्जतीचा सवाल हाय. म्हणून एक टँकर आडात ओतून तसाच ठेवायचा, आदल्या सांजेपासून कुणी शेंदायचं नाही, अन् दुसऱ्या टँकरनं वेशीपासून चावडीपर्यंत सडा मारायचा, धूळ उडू नये म्हणून! टंचाई बघायला येणाऱ्याच्या पायाखाली प्यायचं पाणी. मी उठून बोललो तर एक म्हातारा म्हणाला, "कॉलेज पुरं केलं असतंस तर ऐकलं असतं बाबा." सगळी बैठक हसली.

मला गप बसवत नव्हतं. शेजारची ती, जिला तू कडेवर घेऊन भाकरी भरवायचीस, तिच्या आईनं सांगून ठेवलं होतं की टँकर बंद झाला तर लेकीला घेऊन उमरीला भावाकडं जाणार. मामानं तिथं तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलंय.

साहेब आले. स्वागताला पोरी डोक्यावर भरलेल्या कळशा घेऊन उभ्या, ती सगळ्यांत पुढं. साहेब आडात वाकून म्हणाले, "पाणी आहे की." सरपंच हात जोडून म्हणतात, "हाव साहेब, तुमची किरपा." मी गर्दीतून ओरडलो, हे टँकरचं पाणी हाय, कालपासून गावानं शेंदलेलं न्हाई. साहेबांनी सरपंचांकडं बघितलं, सरपंचांनी स्वतःच्या कपाळाशी बोट फिरवून मला काय झालंय ते दाखवलं. अन् कळशीखालून तीच हळू म्हणाली, "गप की रे. पाहुण्यापुढं गावाची लाज काढून राहिलास."

आठवडा सरायच्या आत टँकर बंद. गावात पाणी आहे, साहेबांनी डोळ्यांनी बघितलंय. आता गाव काय म्हणतं ठाऊक आहे? ह्या पोरानं आरडाओरडा केला, साहेबाला राग आला, म्हणून टँकर गेला. भर उन्हात कोसावरून घागरी आणणाऱ्या बायासुद्धा मलाच शिव्या देतात. सरपंचांना आजही रामराम.

ती आज सकाळी गेली. हे कागद टपालात टाकायचे नाहीत, म्हणून तुला खरं सांगतो. गावाच्या तहानेसाठी मी भांडलो नव्हतो, ती जाऊ नये म्हणून भांडलो. स्टँडवर तिची आई तिकिटाचं बघत होती, तेवढा वेळ आम्ही दोघंच होतो. एस.टी. सुटेपर्यंत मी तिला सरपंचांच्या अकलेवरच बोलत राहिलो. ती माझ्याकडं बघत ऐकत होती. जाऊ नको, एवढं म्हणायचं राहून गेलं.