विचारून वाजवायची गिटार

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, निवृत्त वादक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी तारीख विचारली. मी सांगितली, आणि त्यांचे कॅलेंडर एक महिना मागे असल्याचेही सांगितले.

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली ठेव धाकट्या भावाला. रक्ताचे नाते आहे, त्याला माझा इलाज नाही.

२. माझी जुनी इलेक्ट्रिक गिटार: वरची फळी फुगीर, आतून पोकळ, वजन अडीच किलोही नाही. खांदा निखळल्यावर भरीव लाकडाची गिटार मला अर्धा तासही पेलेना. हिने पुढची तीस वर्षे निभावली. चाळीस खुर्च्यांच्या जागेत, छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर, हिच्यासारखा गोड आवाज मी दुसरा ऐकला नाही. भाऊही गिटार वाजवतो, पण मोठ्या हॉलमध्ये. तो म्हणायचा, "ताई, ते खोकं घेऊन मोठ्या हॉलमध्ये येऊ नकोस, हसं होईल."

त्याच भावाने, स्वतःची गिटार दुरुस्तीला आणि मी दवाखान्यात असताना, माझ्या कपाटातून ही नेली. मोठ्या हॉलमध्ये आवाज चढवला, तशी आतून पोकळ असल्याने ती आपोआप घुमायला लागली. आवाज कमी करायचे सोडून या गृहस्थाने तिच्या वरच्या फळीतल्या दोन्ही भोकांतून उशीचा कापूस कोंबला, वर गोंदाने पुठ्ठे चिकटवले. गुपचूप परत आणून ठेवली. चिमट्याने कापूस काढायला मला सतरा दिवस लागले. भोकांच्या कडांचे पॉलिश गेले ते गेलेच. जाब विचारला तर म्हणाला, "अगं, घरचीच तर वस्तू. विचारायचं काय त्यात?" मी त्याला माफ केलेले नाही.

३. तो कापूस कॉफीच्या बरणीत जपून ठेवला आहे. तो भावाला द्यावा.

४. गिटार भावजयीला. तिला एक सूर वाजवता येत नाही. पण माझ्या छोट्या कार्यक्रमांना ती नवऱ्याला न सांगता येऊन मागे बसायची.

५. भावाची कंबर आता गेली आहे, जड गिटार त्याला उचलवत नाही. गेल्या वर्षी तो तीनदा आला, हिच्याकडे बघत बसला, चहा पिऊन गेला. मागितली असती तर त्याच दिवशी दिली असती. त्याने ही वाजवायला माझी हरकत नाही. मात्र दर वेळी बायकोला विचारावे, आणि तिने हो म्हणेपर्यंत हात लावू नये.

त्याला लागतात तशा जाड तारा मी चढवून ठेवल्या आहेत.

हे सर्व दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे औषधविक्रेते (सही)
२. गिटार दुरुस्त करणाऱ्या बाई (सही)

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
तारीख: ९ मार्च

(सही) ताई