मागून येणारा लाल

तुमच्या हातातली सोल्डरिंग गन मी काढून घेतली, अण्णा, आणि तुम्ही काढू दिलीत. "हा सेट जमला नाय तर उद्यापासून दुकानात यायचं नाय," एवढंच म्हणालात. औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानात टीव्ही दुरुस्त करायचात तुम्ही. मी, तुमची लेक, पावत्या फाडायची. समोर लासूर स्टेशनची चहावाली मावशी होती. जुना घेतलेला रंगीत टीव्ही शेजारच्या सीटवर बसवून एसटीनं आलेली.

"बातम्यावालीचं कुंकू बाजूला सरकतंय," ती म्हणाली. "गिऱ्हाईकं म्हणतात, मावशी, हिला घाम लई येतो."

"ट्यूब गेली. भंगारात द्या," तुम्ही म्हणालात.

"व्हय, अन् मी बी जाते त्याच्यासंगं!"

मला ट्यूब वाटत नव्हती. गडद ठिपका कपाळावर जागेवरच होता, लाल तेवढा उजवीकडं. पॉलिटेक्निकात मी शिकले होते की सिग्नलमध्ये काळ्यापांढऱ्या चित्राला रुंद पट्टा मिळतो आणि रंगाला अरुंद. अरुंद वाटेनं रंग उशिरा पोचतो, म्हणून सेटमधली एक कॉइल काळ्यापांढऱ्याला तेवढा वेळ थांबवून धरते. मी मागचं झाकण उघडते. कॉइलच्या जागी साधी तार आहे. दुष्काळाची वर्षं; नव्या कॉलन्यांत नळ होते, पाणी नव्हतं, आणि पार्टही वेळेवर येत नव्हते. कॉइल जळली की तार टाकून चित्र आणायचं, हे सगळेच करायचे. तारेची टोकं दोनदा पिळलेली होती. तसं फक्त तुम्ही पिळायचात. तुम्ही काळ्यापांढऱ्या सेटांवर घडलेले. चित्र आलं की तुमच्या लेखी काम झालेलं. तुम्हीही ती तार बघितली होती.

फळीवरच्या एका बाद सेटमधून मी कॉइल काढून बसवली. सांधा गरम असताना फुंकर मारायला वाकले, तर तुम्ही ओरडलात, "फुंकू नको! गार होऊ दे आपोआप." ते मात्र बरोबर होतं; फुंकलं की सांधा कच्चा राहतो. सेट लावला. लाल कुंकू गडद ठिपक्यावर बसलं, नेमकं. मावशीनं टाळी वाजवली.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. एक सांगते. ती तार तुमचीच निघाली याचा मला आनंद झाला होता, अजूनही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या रांगेत, जिथं रोज मी उभी राहायची, तिथं हंडे घेऊन तुम्ही गेलात. दुकान मी उघडलं.