शेवटापासून हजेरी

३ ऑक्टोबर
पन्नास वर्षांपूर्वीचा तो आवाज आज पुन्हा कानांत घुमला. चिमुकल्या गळ्यांतून एकामागून एक, "हजर!" राजधानी रेक्याविक सोडून आम्ही दोघं परत या गावी आलो, गावाच्या यादीत नावंही चढली. जुन्या शाळेत आता नगरपालिकेचं दफ्तर आहे आणि मी तिथं कामाला! रहिवाशांची यादी नव्या सर्व्हरवर गेली आहे, ती तपासायची. दफ्तरप्रमुख हिल्डुर माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, मास्तर, माझ्या वह्या लाल केल्यात, आता सगळ्या गावाची करा. येताना थुरिदुरच्या बेकरीतून गरम राईचा पाव घेतला. थोर्डिस आठवडाभर बहिणीकडे गेली आहे. परतली की दारातूनच ओरडेल, "हजर!" लग्नापासूनची तिची थट्टा.

४ ऑक्टोबर
दफ्तरातल्या पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी, म्हणून घरच्या जुन्या संगणकावरून काम केलं. हजेरी मी नेहमी शेवटापासून घ्यायचो. शेवटच्या पोरांनी दरवेळी का ताटकळायचं? आजही तसंच. यादीच्या शेवटाकडे आमच्या लिपीतला 'थ' (Þ), पोट फुगलेल्या काठीसारखं ते लाडकं अक्षर. तिसरीतली कविता गुणगुणत 'थ'ची चाळीस नावं तपासून जतन केली.

६ ऑक्टोबर
हिल्डुर संतापली. माझ्या यंत्राला नव्या सर्व्हरची अक्षरं कळत नाहीत. पडद्यावर सगळं नीट दिसलं, पण जतन करताना त्या चाळीस नावांच्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसलं. मूळ अक्षरं पुसली गेली. जुना सर्व्हर कालच भंगारात गेला. मास्तर, ही काय तुमची पाटी आहे, म्हणाली. मी म्हटलं, आठवून भरू. पहिलंच नाव कुणाचं, ते आम्हा दोघांनाही आठवेना.

७ ऑक्टोबर
बेकरीवाली स्वतःच्याच घराबाहेर, बर्फात, कोटाशिवाय. नवरा दार अडवून म्हणत होता, बाई, घर चुकलात. त्याच्या डोळ्यांत ओळखीचा मागमूस नव्हता. तिचं नाव मलाही मागच्या पानावर शोधावं लागलं.
थोर्डिसचं नाव त्या चाळिसांत होतं.

८ ऑक्टोबर
लिहून ठेवतो. थोर्डिस. माझी बायको. डावा गुडघा दुखतो. साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पिते. डोळे— डोळे कोणत्या रंगाचे—

९ ऑक्टोबर
दोनदा फोन. कुणी बाई. फार लाडात बोलते. चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला.
मागच्या पानांवर एक नाव. अक्षर माझंच. कोण ही—

१० ऑक्टोबर, दुपार
कुलपात किल्ली फिरते आहे. माझ्या घराची किल्ली, आणखी कुणाकडे—
अनोळखी म्हातारी. बॅग खाली ठेवते. हसते. म्हणते, "हजर!"
मी म्हटलं, बाई, घर चुक—