सातव्या खुंटीवरचं जाकीट

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची जव्हारला! ठाण्याहून चार तास, त्यातला शेवटचा तास नुसती वळणं. पोटातलं पोटात राहिलं हीच मोठी कमाई. खोली छान आहे, खिडकी थेट दरीवर उघडते. घरमालकीण सुनिताताई शाळेत शिकवतात. आल्या आल्या त्यांनी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी पुढे ठेवली आणि मी लाज सोडून तीन भाकरी खाल्ल्या.

आमची कंपनी विम्याच्या दाव्यांचे कागद तपासते. पूर, आग, काहीही होऊन मुंबईचं ऑफिस बंद पडलं तरी काम तासभरही थांबू नये, म्हणून तीन वर्षांपूर्वी इथं मोखाड्याच्या रस्त्याला हे पर्यायी केंद्र काढलंय. तेवीस माणसं, सगळी इथलीच. मी त्यांची आपत्कालीन पथकं नव्यानं उभी करायची: आग विझवणारं, प्रथमोपचाराचं, लोकांना बाहेर काढणारं आणि शोधपथक. एकवीस तारखेला मुंबईहून तपासणी आहे. तोवर तक्त्यात एकही रकाना रिकामा राहता कामा नये. तसाही मला रिकामा रकाना बघवत नाही. आई म्हणते, लग्नाचा तेवढा चालतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

माणसं गोड आहेत. खोडाळ्याची करिष्मा सगळ्यांची प्रमुख, चोवीस वर्षांची आणि माझ्यापेक्षा शहाणी. गोरख जनरेटर बघतो आणि दिवसभर गुणगुणतो. फाटकावर तुळशीदास, पन्नाशीचे. नळावर पाणी प्यायला गेले तरी वहीत 'बाहेर' लिहितात, आले की 'आत'. असा शिस्तीचा माणूस मी मुंबईतही पाहिला नाही. सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं, तर ते खाली बघत बसले.

प्रत्येक कामाला एक मुख्य माणूस आणि तो नसला तर कोण, हे समजावताना करिष्मा म्हणाली, हे आमच्या बोहाड्यासारखंच झालं. बोहाड्यात देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून गावातून नाचत जातात. कुठलं सोंग कुठल्या घराचं ते ठरलेलं असतं. धरणारा गेला तर घरचं कोणी गावासमोर नारळ घेऊन ते उतरवून घेतं, म्हणजे आपल्या अंगावर घेतं. तोवर ते त्याचंच. म्हटलं, चला, इथं मला काही शिकवायलाच नको!

एकच रकाना अडला, शोधपथक प्रमुखाचा. कुणी हात वर करेना. शेवटी गोरख म्हणाला, "ते नवसूचं काम हाय. आजून कोनी उतरून घेतलं नाय." या तेविसांखेरीज काही हंगामी माणसं भातकापणीच्या रजेवर आहेत, त्यातलाच हा एक असणार. लिहून टाकलं: नवसू. तक्ता भरला. मला केवढं बरं वाटलं!

८ नोव्हेंबर, शनिवार

पथकांचा छोटासा समारंभ केला. इथल्या रीतीनं व्हावं म्हणून नारळही आणला. प्रत्येकाचं नाव पुकारलं, नारळाला हात लावून त्यानं 'घेतलं' म्हणायचं आणि आपलं केशरी जाकीट उचलायचं. सगळे हसत होते. मी नवसूचं नाव पुकारलं, पण कुणी पुढे आलं नाही. मी म्हटलं, हरकत नाही, तो आला की सांगा, काम दिलंय. त्याच्या वतीनं मीच नारळ फोडला आणि त्याचं जाकीट, खिशात वॉकीटॉकी घालून, सातव्या खुंटीवर लावलं.

शोधपथक प्रमुखाचं काम सोपं आहे. सगळे बाहेर पडल्यावर खोली न् खोली बघायची आणि वॉकीवर तीन शब्द बोलायचे: आत कोणी नाही. ते ऐकलं की तुळशीदास दार लावून घेतात आणि वीज तोडतात.

उद्या रविवार. सुनिताताई शिरपामाळला नेणार आहेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला सराव. चार मिनिटं दहा सेकंद, पहिल्या वेळेला उत्तम. मोहाच्या झाडाखाली सगळे जमले, करिष्मानं यादी वाचली, तेवीसपैकी तेवीस. आणि वॉकीवर कुणीतरी म्हणालं, एक जण आतच हाय.

गोरखची चेष्टा वाटली, म्हणून रागावले. पण गोरख माझ्यासमोर उभा होता, हात रिकामे. चार वॉकींपैकी तीन झाडाखाली होते. चौथा जाकिटाच्या खिशात.

आत जाऊन पाहिलं. जाकीट खुंटीवरच होतं, पण त्याला डिझेलचा वास येत होता. गोरखला विचारलं, तू घातलं होतंस का? नाही म्हणाला आणि जनरेटरकडे निघून गेला. दुसऱ्या कुठल्या तरी वॉकीचा आवाज मध्ये आला असणार. घाटात होतं म्हणे असं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा सराव. यादी पूर्ण, तेवीस. पुन्हा तोच आवाज, घोगरा, धापा टाकणारा. बाई आतच हाय, म्हणाला.

मी काही बोलायच्या आत गोरख पळत आत गेला. सहा मिनिटं बाहेर आला नाही. आला तेव्हा खोकत होता, भुवया करपलेल्या, तोंडाला काजळी. आत आग नाही, धूर नाही, काहीच नाही. गोरखला तीन वेळा विचारलं तेव्हा बोलला: एक माणूस त्याच्याकडे पाठ करून एकेक दार उघडत होता. गोरखनं मागून हाक मारली, तर तो म्हणाला, तू नाय, तू जा.

मला रात्रभर झोप नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तुळशीदासांनी आज सांगितलं. मी विचारलं नव्हतं. स्वतःच खुर्ची ओढून बसले.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, जनरेटरच्या खोलीत आग लागली. सगळे बाहेर पडले, पण मोजणीत एक कमी भरला, तुळशीदास. ते न सांगता, न लिहिता खोडाळ्याच्या बाजाराला गेले होते. नवसू त्यांना शोधायला परत आत गेला. बाजारातून ते पिशवी घेऊन आले तेव्हा छप्पर खाली आलं होतं.

"मी आत नव्हतोच, बाई," एवढंच ते परत परत म्हणत होते.

सगळ्यांना वाटलं, मला माहीत आहे. मोठ्या ऑफिसातून आलेल्या बाईला माहीत नसेल असं कसं वाटणार? मेलेल्या माणसाला मी गावासमोर नारळ देऊन कामाला लावलं. माझीच मला भीती वाटतेय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाई म्हणजे कोण, ते कळलं.

तुळशीदासांची फाटकाची वही घेऊन बसले. चौदा तारखेला आत आलेले चोवीस. यादीत तेवीस. कितीदा मोजलं. मग दिसलं, माझं नावच यादीत नाही. मी मुंबईच्या पटावर. सगळ्यांची नावं लिहिली, स्वतःचं लिहायचं राहिलं. मी झाडाखाली उभी राहिले तरी माझ्या नावावर कुणी खूण करत नाही. त्याच्या हिशेबात मी आतच आहे.

तो मला शोधतोय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तक्त्यातून नवसूचं नाव खोडलं. यादीत चोविसावं नाव माझं लिहिलं. जाकीट कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात.

दुपारी जाकीट सातव्या खुंटीवर. यादीवर तेवीस नावांपुढे काळ्या अंगठ्याची एकेक खूण. माझ्यापुढे जागा कोरी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

करिष्माबरोबर सूर्यमाळला गेले. पाड्यावर नवसूची बायको, गौराबाई. अंगणात भात झोडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, "मेला म्हनून काम सुटत नाय. तुमी नारळ दिला. आता आनल्याबिगर तो नाय ऱ्हायाचा."

मी म्हटलं, मग ते काम मला उतरवून द्या. तिनं नकारार्थी मान हलवली. हरवलेल्यानं शोधायचं काम कसं घ्यायचं? आधी सापडा, म्हणाली. आत जा, त्याला दिसा, त्याच्या हातानं बाहेर या. मग तो मोकळा, तुम्ही मोकळ्या.

आणि नाही गेले तर? तिनं सूप खाली ठेवलं. "गोरख जाईल. तो कोनाला आत ठेवनारा नाय."

२० नोव्हेंबर, गुरुवार

मुंबईला फोन केला. सराव रद्द होणार नाही, सायरन तपासणीचे साहेब स्वतः वाजवणार.

ठाण्याची एसटी साडेपाचला. बॅग भरली. मग गोरख भेटला, भुवया अजून उगवलेल्या नाहीत. हसून म्हणाला, उद्या आवाज आला तर मी आहे, तुम्ही घाबरू नका.

बॅग रिकामी केली. रकाना मी भरला होता, त्यानं नाही.

करिष्माला बजावलंय, काही झालं तरी गोरखचा हात सोडायचा नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

१०.५५ – जनरेटरच्या खोलीत बसलेय. वही मांडीवर, वॉकी हातात. वेळ लिहीत राहिलं की धीर राहतो.

११.०० – सायरन. पावलं. सगळे जातायत. गोरख करिष्माशी भांडतोय – गेला, बाहेर गेला. बरं झालं.

११.०३ – वॉकीवर तो. बाई आतच हाय.

११.०४ – दारं उघडतायत. एक. दोन. डिझेलचा वास. हाक मारली – मी इथे आहे, नवसूदादा, मी इथे –

११.०६ – थांबला. दाराच्या पलीकडे. मग पावलं परत फिरली, जड, कुणाला तरी धरून नेल्यासारखी. पण मी तर इथेच –

११.०८ – करिष्मा वॉकीवर. रडतेय, हसतेय. चोवीसपैकी चोवीस, म्हणाली. मॅडम बाहेर आल्या, सात नंबरचं जाकीट अंगावर. सगळे टाळ्या वाजवतायत.

करिष्मा ती मी नाही. बटण दाबतेय – माझा आवाज जातच नाही – ती मी नाही –

११.०९ – परत आला. शेवटची फेरी. दार उघडलं. धूर. तोंड – तोंड नाही बघवत. खोलीभर बघतोय. माझ्याकडे बघितलं, पण आरपार, मी हात धरला त्याचा, नाव सांगितलं, वहीत ठेवलेल्या यादीच्या प्रतीतलं नाव दाखवलं. माझ्यापुढे आता काळा अंगठा उठलाय – त्याच्या हिशेबात मी बाहेर –

वॉकी तोंडाशी नेतोय. नको. तुळशीदास दार लावतील. नको, मी –

म्हणतोय – आत कोनी ना