वाणात आलेला राजपुत्र

१८ जानेवारी, रविवार
चौबे कॉलोनी

आज सुषमाने, माझ्या धाकट्या जावेने, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कादंबऱ्या वाटल्या. लोक वाट्या देतात, डबे देतात. हिने प्रत्येकीच्या हातात एक पंखवाला राजपुत्र ठेवला. नायिका वीस वर्षांची. सुषमा बेचाळीसची.

"वाचून त पाहा ताई, मले त रडू आवरेना," मला म्हणाली. कशासाठी रडायचं? त्याचे पंख कापले म्हणून? कोंबडीचेही कापतात.

पण खरं लिहायचं तर मला पंख खुपले नाहीत. माझी लेक इरा मला दिवसभरात "हव" आणि "नहीं" यापलीकडे उत्तर देत नाही. ती आज काकूला चिकटून तासभर बोलत होती.

"काकू, वो उसको छोड़के जाएगा ही नहीं, देखना."

"तो जाईन पोट्टे, दुसऱ्या भागात जाईन."

दोघी खिदळत होत्या. मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी.

न वाचता नावं ठेवणं बरं नाही, म्हणून बायका गेल्यावर बसून बरीच पानं वाचली. भिकार आहे. तो पानोपानी दात आवळतो, तिचा श्वास पानोपानी अडकतो. की हेव्यापोटी मला असं वाटतंय? पुन्हा विचार केला. हेवा आहेच, आणि पुस्तकही भिकारच आहे.

उद्या चहाच्या वेळी इराला हेच सांगणार. ती चिडेल, राजपुत्राची बाजू घेऊन माझ्याशी भांडेल. चहा निवेपर्यंत तरी भांडेल.